गाडी ऐकणारी बाई

श्यामकांत टिपणिसांना आपला उजवा कान पूर्ण आणि डावा निम्म्याहून जास्त गेलेला आहे हे कळलं, तो दिवस गुरुवार होता. त्या दिवशी ते घरातून निघाले होते गाडीसाठी, कानासाठी नव्हे.

गाडी म्हणजे राखाडी रंगाची जुनी फियाट. महानगरपालिकेच्या पाणी खात्यात ओव्हरसिअर असताना त्यांनी ती एका पारशी गृहस्थाकडून सेकंडहँड घेतली होती. बारा वर्षं तिने काही म्हणता काही त्रास दिला नाही. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत लोक म्हणायचे, गाडी वापरावी तर टिपणिसांनी. पण श्रावणात त्यांची बायको माणिक हृदयविकाराने गेली आणि त्यानंतरच्या अडीच महिन्यांत गाडी तीनदा गॅरेजला गेली. आधी इंजिन तापून वाफा आल्या. मग क्लच प्लेट जळाली. आता स्टार्टरचे दात तुटले होते.

श्यामकांतांचं वय सदुसष्ट. रक्तदाब होता, दोन्ही गुडघे धरलेले होते, साखर काठावर होती. बसमध्ये उभं राहवत नव्हतं, स्टेशनचा जिना चढवत नव्हता. गाडी होती म्हणून ते कुठेही जाऊ शकत होते. ती गेली तर त्यांचं जग सोसायटीच्या फाटकाशी संपणार होतं. आणि बोरिवलीहून जावई चंद्रप्रकाश दर आठवड्याला येऊन सांगत होता, "बाबा, गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी घेऊन येतो. द्या विकून आणि आमच्याकडे राहायला या."

गॅरेज धाकूचं. धाकू मूळचा कणकवलीकडचा, तरुणपणी गिरणीत फिटर होता, तिथून गाड्यांकडे वळला. श्यामकांतांची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातची. त्या गुरुवारी त्याने स्टार्टरचं दात तुटलेलं चाक त्यांच्यापुढे धरलं.

"साहेब, तुम्ही चालू गाडीला स्टार्टर मारता."

"मी? बारा वर्षं गाडी चालवतोय मी धाकू."

"इंजिन लागलेला आसता, तरी तुम्ही चावी फिरवता. दात तुटणार नाय तर काय होणार? क्लच पण तसाच. दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत आणता तिला, नाक्यापासून आम्हाला ऐकू येतं."

"मला नाही आलं ते ऐकू."

धाकू त्यांच्याकडे पाठ करून बॉनेटवर वाकला, काहीतरी खुडबुडला आणि मग वळून त्याने विचारलं, "मी आता काय बोललो?"

"काही बोलला नाहीस."

"शिवी दिली, साहेब. चांगली आईवरनं. माफ करा." त्याने चावी स्वतःच्या खिशात टाकली. "आधी कान दाखवून या. तोवर चावी देणार नाय."

श्यामकांत रागारागाने रिक्षात बसले. धाकूचं नाक खाली करायचं म्हणूनच ते स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते. किती दिवस त्रास होतोय, असं त्यांनी विचारलं.

"त्रास असा नाही. मिसेस गेल्यापासून घर शांत झालंय. लोकही हल्ली हळू बोलतात. दुःखाच्या घरी बोलतात तसे."

डॉक्टरांनी त्यांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड काळे गोळे चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. श्यामकांत बटणावर अंगठा ठेवून तयार बसले. परीक्षेला बसल्यासारखे ताठ. काचेपलीकडे डॉक्टर खाली मान घालून काहीतरी करत होते. एक-दोनदा अगदी लांबून कुकर झाल्यासारखं वाटलं, तेवढंच. बराच वेळ गेला. शेवटी डॉक्टरांनी दार उघडलं.

"सुरू कधी करताय?" श्यामकांतांनी विचारलं.

"संपली तपासणी," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. ती डावीकडून निघून सरळ खाली उतरत गेली होती. "हे अडीच महिन्यांचं नाही. दहा-बारा वर्षांचं आहे."

"शक्य नाही. मी तुमच्याशी बोलतोय ना आत्ता?"

डॉक्टरांनी तो कागद आपल्या तोंडापुढे धरला. कागद थोडा थरथरला. पलीकडे काय चाललंय ते श्यामकांतांना कळेना. कागद खाली आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझ्या ओठांकडे बघून बोलताय, काका. फार छान बघता. कुणी शिकवलं तुम्हाला?"

 घरी येऊन श्यामकांत कपडे न बदलता खुर्चीत बसले. माणिक गेली त्या दिवसापासून घरात जी शांतता आली होती, ती त्यांना वाटलं होतं सगळ्यांकडेच येते. माणूस गेलं की घर असंच होत असणार. त्यांनी ती मुकाट्याने सोसली होती. आणि आता डॉक्टर म्हणत होते की ही शांतता दहा वर्षं इथेच होती. मग ती आपल्याला आजवर लागली कशी नाही?

त्यांची खुर्ची भिंतीला उजवी बाजू लावून होती. माणिकची डावीकडे, किंचित तिरकी, तिचं तोंड त्यांच्याकडे येईल अशी. ती तशी कधी ठेवली, आठवेना. फिरायला जाताना ती नेहमी त्यांच्या डाव्या हाताला यायची. चुकून उजवीकडे राहिली तर मागून वळसा घालून यायची. एकदा त्यांनी विचारलं होतं, "हे काय सारखं इकडून तिकडे?" तर म्हणाली होती, "बायकोची जागा डावीकडे असते. शास्त्र आहे." त्यांना ते बरं वाटलं होतं.

पण पूजेला बायको उजवीकडे बसते. हे आठवलं तेव्हा त्यांना वाटलं, आता हिला पकडली. गेल्या वर्षीच्या सत्यनारायणाला ती उजवीकडेच होती, मेलेल्या कानाशी. आणि भटजी तर खाली मान घालून पुटपुटतात, त्यांचे ओठ दिसत नाहीत. तरी आचमन, पाणी सोडणं, फूल वाहणं, सगळं वेळेवर झालं होतं. भटजींनी कौतुकही केलं होतं, यजमान लक्ष देऊन करतात म्हणून. कसं झालं? श्यामकांत उठून उभे राहिले. पूजेत नवरा काही अर्पण करतो तेव्हा बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा असतो. माणिकची दोन बोटं सबंध पूजाभर त्यांच्या कोपरावर होती. बोटं दाबली की पाणी सोडायचं. दोनदा दाबली की फूल. त्यांनी ते कधी ठरवलेलं नव्हतं. त्यांचा हात तिच्या बोटांचं ऐकत होता आणि त्यांना वाटत होतं, आपण भटजींचं ऐकतोय.

बेल त्यांना ऐकू आली नाही. दाराखालच्या फटीत सावली हलली म्हणून त्यांनी दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या नलिनीताई वाटीत काहीतरी घेऊन आल्या होत्या. आत येता येता त्या सहज त्यांच्या डाव्या बाजूला सरकल्या, तोंड वर केलं आणि मग बोलल्या.

पाणी खात्यात श्यामकांतांनी तीस वर्षं काढली होती. नळाला पाणी आलं की जमिनीखाली कुठे कुणी कोणता व्हॉल्व्ह फिरवला हे कुणी विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण इतकं मोठं काम आपल्याच घरात दहा वर्षं चालू होतं, बिनबोभाट, एक दिवस न चुकता, याने ते हबकून गेले. त्या रात्री त्यांना रडू आलं नाही. मोठ्या धरणाखाली उभं राहून वर बघावं, तसं काहीतरी होत होतं.

शुक्रवारी सकाळी ते गॅरेजला गेले. धाकूने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि स्टूल पुढे केलं.

"कळलं?"

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही रिटायर झालात त्या वर्षापासून." धाकू आता त्यांच्या समोर बसून, शब्द सुटे करून बोलत होता. "वहिनी इली होती. एकटीच, भर दुपारची. तुम्ही जेवून झोपलेले. म्हणाली, धाकू, यांना ऐकायला कमी येतंय. त्यांना माहीत नाही. गाडीचं काय करायचं? मी म्हटलं, वहिनी, बंद करा. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, बंद करायला अक्कल लागत नाही. ती चालू कशी राहील ते विचारायला मी आलेय."

"मग?"

"मग काय? थंय बसली, त्या टायरवर. आठ दिवस रोज दुपारी येत होती. डोळे मिटून बसायची. मी इंजिन चालू करायचो, रेस करायचो, पट्टा ढिला करायचो, आणि ती सांगायची काय झालं ते. पहिल्या दिवशी सगळं चुकली. आठव्या दिवशी एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आत शिरला, अजून थांबला पण नव्हता, तर ही डोळे मिटून म्हणते, धाकू, याचा एक प्लग मारत नाही. बघतो तर खरंच! पंचवीस वर्षं या धंद्यात आसय साहेब, अशी गाडी ऐकणारी बाई बघूक नाय."

श्यामकांतांनी हळूच विचारलं, "गाडीत ती काय करायची?"

"ते तुमका ठाऊक. मी काय मागच्या सीटवर होतो?"

आणि श्यामकांतांना ते ठाऊक होतं. चावी फिरवली की माणिक म्हणायची, "लागली हो." दर वेळी. ते चिडून म्हणायचे, "कळतं गं मला." मागे ट्रक आला की सांगायची, उजवीकडून स्कूटर आली की सांगायची. ते म्हणायचे, ड्रायव्हिंग स्कूल काढ तू. आरेच्या रस्त्याने ते दोघं बोरिवलीला लेकीकडे जायचे तेव्हा वाटभर श्यामकांतच बोलायचे. ऑफिसातले जुने किस्से, पाइपलाइनच्या गोष्टी. माणिक त्यांच्या डाव्या कानाशी झुकून, कोपराला कोपर लावून नुसतं "हं" म्हणायची. कधी वाक्याच्या मधेच. तिने "हं" म्हटलं की त्यांचा हात गिअरकडे जायचा.

"मी बोलायचो आणि ती हं म्हणायची," ते धाकूला म्हणाले. "मला वाटायचं, माझं ऐकतेय."

"तुमचं नाय, साहेब. इंजिनचं ऐकत होती."

श्यामकांत हसले. माणिक गेल्यानंतर पहिल्यांदा. ते इतक्या मोठ्याने हसले की गॅरेजसमोरचा पानवाला वळून बघायला लागला.

रविवारी बोरिवलीहून लेक अनुपमा आणि चंद्रप्रकाश आले. गिऱ्हाईक बारा वाजता येणार होतं. अनुपमाने पिशवी ठेवली, पदर खोचला आणि ती सवयीने माणिकच्या खुर्चीत, डावीकडे बसली.

"अनू," श्यामकांत म्हणाले, "आज उजवीकडे बस ना."

"का? तिथे भिंत आहे."

"मग उभी राहा."

अनुपमाने नवऱ्याकडे बघितलं. मग वडिलांकडे. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, कुणी सांगितलं?"

"धाकूने आईवरनं शिवी दिली, तेव्हा कळलं."

"आईने शपथ घातली होती. तुम्ही म्हणायचात ना, आजोबांना सगळे ओरडून बोलायचे, हसायचे, तुम्हीसुद्धा हसलात एकदा. डोळे गेले तरी चालतील पण कान नकोत, असं म्हणाला होतात तुम्ही. आई म्हणायची, तुझ्या बाबांना मी कोपऱ्यातला म्हातारा होऊ देणार नाही."

श्यामकांतांना आपले वडील आठवले. गिरगावच्या खोलीत लग्नाच्या गडबडीत भिंतीला टेकून बसलेले, सगळ्यांकडे बघून उगाच हसणारे. आपण कधी असं म्हणालो होतो ते मात्र त्यांना आठवेना. एखाद्या संध्याकाळी चहा पिताना म्हणून गेलो असू. आपण विसरलो. तिने त्यावर दहा वर्षं काढली.

"मला तर लग्न ठरतानाच सांगितलं होतं," चंद्रप्रकाश म्हणाला. "बोलणी झाली, पेढे वाटले, आणि आईंनी मला गॅलरीत नेलं. मला वाटलं, हुंड्याबिंड्याचं विचारतायत. तर म्हणाल्या, मुलगी तुमची, पण ही मिशी कापा. ओठावर येते. आमच्या यांना तुमचे ओठ दिसायला हवेत."

"म्हणून कापलीस?"

"झकास मिशी होती बाबा. कॉलेजपासूनची. पण त्यांच्यापुढे काय बोलणार?"

तिघंही हसले. घड्याळात पावणेबारा झाले होते. चंद्रप्रकाश खुर्ची पुढे ओढून, त्यांच्या समोर येऊन बसला. आता तो मऊ आवाजात बोलत असावा. त्याचा चेहरा तसा दिसत होता.

"बाबा, म्हणूनच सांगतो. आई होत्या तोवर ठीक होतं. आता शेजारची सीट रिकामी आहे. तुम्ही चालवणार कसे?"

श्यामकांत रागावले नाहीत. प्रश्न बरोबर होता. शुक्रवारपासून ते स्वतःला तोच विचारत होते.

"चालवू नये, हे कुणीही सांगेल," ते म्हणाले. "कसं चालवता येईल ते मी धाकूला विचारणार आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"एक महिना दे मला. नाही जमलं तर चावी तुझ्या हातात देतो. मग गिऱ्हाईक आण, मला बोरिवलीला ने, काय वाटेल ते कर."

अनुपमा पटकन म्हणाली, "द्या हो महिना." चंद्रप्रकाशने खाली फाटकाशी जाऊन बारा वाजता आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं.

सोमवारपासून धाकू नवा स्टार्टर बसवलेली गाडी घेऊन सकाळी सहाला येऊ लागला. सोसायटीच्या मागे बांधकामासाठी सपाट केलेलं मोकळं मैदान होतं, तिथे तो त्यांना घेऊन जायचा.

"चप्पल काढा," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "अनवाणी पाय क्लचवर. डावा हात गिअरच्या दांड्यावर, नुसता ठेवा, धरू नका. डोळे मिटा. आता मी चावी फिरवतो. लागली की सांगा."

श्यामकांतांनी डोळे मिटले. काहीच नव्हतं. मग पायाच्या तळव्यात काहीतरी शिरलं. मुंग्या आल्यासारखं, बारीक, सारखं. ते पोटरीतून गुडघ्यापर्यंत आलं. दुखऱ्या गुडघ्यापर्यंत. हाताखाली दांडा जिवंत प्राण्यासारखा श्वास घेत होता.

"लागली," ते म्हणाले. "धाकू, लागली रे!"

"बघा."

"ही रोज अशी करते?"

"रोज. तुम्ही बूट घालून बसत होता."

त्यांनी बराच वेळ हात उचलला नाही. बारा वर्षं ते या गाडीत बसले होते आणि ती आतून अशी थरथरते हे त्यांना आज कळत होतं. डॉक्टर नाडी बघताना मनगटावर बोट ठेवतात, त्या बोटाखाली काय लागत असेल, हे त्यांना पहिल्यांदा समजलं. माणसाच्या कानात जे जातं ते हाडातूनही जातं, कुणी वाट दाखवायला हवी, एवढंच. माणिकला डोळे मिटून टायरवर बसल्यावर काय काय ऐकू आलं असेल, याचा अंदाज त्यांना त्या तळव्यातल्या थरथरीवरून थोडा थोडा यायला लागला. तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे जमेल. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिने आयुष्यात चाकाला हात लावला नव्हता.

आठवडाभर नुसती चावी आणि थरथर. दुसऱ्या आठवड्यात गिअर. पहिल्याची थरथर जाड असते, दातांत लागते. ती बारीक होत बोटांच्या टोकांशी आली की दुसरा टाकायचा. श्यामकांतांचे अंदाज चुकायचे, गाडी आचके द्यायची, धाकूचं डोकं पुढच्या काचेला लागायचं.

"अगो आयशे! साहेब, माका पण इस्पितळात घालतल्यात तुम्ही."

"तुझी शिवी फिटली, समज."

गुडघे रात्री ठणकायचे. अनवाणी पाय गार पडायचे. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली आणि विचारलं, हल्ली काय नवीन उद्योग? श्यामकांतांनी सांगितलं, मी गाडी शिकतोय. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मैदानात फेरी मारताना ते मधेच थांबले. "धाकू, काहीतरी वेगळं आहे. डाव्या पायाला. फडफडतंय." धाकूने बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा कडेने सुटत आला होता. त्याने पट्टा बोटाने दाबून बघितला, श्यामकांतांकडे बघितलं, पुन्हा पट्ट्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही. या वेळी तो खरंच बोलला नव्हता, ओठ मिटलेलेच होते.

आता महिना संपायला सहा दिवस उरले आहेत. गाडी लागलेली श्यामकांतांना कळते, गिअर कळतो, इंजिन तापायला लागलं तर तेही पायाला आधी कळतं. पण मागून कोण येतंय, कोण हॉर्न वाजवतंय, ते ना हाताला कळत ना पायाला. तेवढं माणिकच सांगायची. धाकू म्हणतो, दोन्ही दारांना मोठे आरसे बसवू. कानाचे डॉक्टर म्हणतात, डाव्या कानाला यंत्र लावून बघू. आरसे अजून आणलेले नाहीत. यंत्रासाठी कानाचं माप अजून दिलेलं नाही. आणि मैदानाच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, गाडी अजून काढलेली नाही.